चतुःसीमा कोण लिहिणार? सांस्कृतिक भूगोल आणि आपली मुलं

गेल्या वर्षी जून ते डिसेंबर या सहा महिन्यांत राज्यातल्या मस्जिदी, दर्गे आणि कब्रस्तानांचे मुतवल्ली एकाच कामात गुंतले होते. 6 जून 2025 रोजी केंद्र सरकारनं ‘उमीद’ पोर्टल सुरू केलं आणि वक्फ मिळकतींची माहिती भरण्याची धावपळ सुरू झाली. कागद कुठे आहेत, पासवर्ड कुणाकडे आहे, सर्व्हर का चालत नाही, यावर चर्चा खूप झाली. पण फॉर्म भरायला बसलेल्या अनेकांची गाडी अडली ती एका साध्या प्रश्नावर. मिळकतीच्या हद्दी सांगा. पूर्वेला काय, पश्चिमेला काय, दक्षिणेला काय, उत्तरेला काय?

आमच्या भागातल्या एका कब्रस्तानाच्या चतुःसीमा लिहून घ्यायला आम्ही चार जण एका बुजुर्गांकडे गेलो होतो. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी डोळे मिटून सांगितलं, “पूर्वेला चिंच, पश्चिमेला ओढा, दक्षिणेला पाटलांचं शेत, उत्तरेला बैलगाडीची वाट.” सांगितलं ते खरंच असणार. पण चिंच रस्ता रुंदीकरणात गेली. ओढा बुजला, त्यावर गाळे उभे राहिले. पाटलांचं शेत तीन भावांत वाटून दोनदा विकलं गेलं. गाडीवाटेचा डांबरी रस्ता झाला आणि तोही दहा-बारा हात सरकला. चाचांच्या डोक्यातला नकाशा आणि सातबाऱ्यावरचा नकाशा जुळवून देणारा माणूस आमच्यात कुणी नव्हता. आमच्यात एक इंजिनियर होता, एक वकील होता, एक डॉक्टर होता. भूगोलाचा पदवीधर मात्र एकही नव्हता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुदत संपली. त्याआधी 1 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं सरसकट मुदतवाढ द्यायला नकार दिला आणि ज्यांची अडचण असेल त्यांनी वक्फ न्यायाधिकरणाकडे जावं, असं सांगितलं. नव्या कायद्यानं ‘वापरामुळे झालेला वक्फ’ ही संकल्पना पुढच्या काळासाठी काढून टाकली आहे आणि 15 सप्टेंबरच्या अंतरिम आदेशात न्यायालयानं त्या तरतुदीला स्थगिती दिलेली नाही. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या लोक इथे नमाज पढतात, इथे दफन करतात, एवढं सांगून यापुढे भागणार नाही. जागेची आठवण आहे, पण तिची नोंद नाही, अशी आपली अवस्था आहे.

कायद्याची बाजू वकील मांडतील. या लेखाचा मुद्दा वेगळा आहे. जागेची आठवण शास्त्रशुद्ध पद्धतीनं नोंदवण्याचा एक विषय विद्यापीठांत शिकवला जातो. त्याचं नाव सांस्कृतिक भूगोल. आपली मुलं त्या वर्गात जवळपास दिसत नाहीत आणि त्याची किंमत आपण सगळे मोजतो आहोत.

हा विषय आहे तरी काय?

शाळेतला भूगोल म्हणजे नद्या, पिकं, खनिजं आणि राजधान्या. सांस्कृतिक भूगोल पुढचा प्रश्न विचारतो : या जमिनीवर माणसांनी काय केलं, आणि त्या करण्यातून जमिनीचं रूप कसं बदललं? 1925 मध्ये कार्ल सॉवर या अमेरिकी भूगोलतज्ज्ञानं मांडलं की निसर्ग हा कच्चा माल आहे आणि संस्कृती त्याला आकार देते. त्यातून तयार होतं ते सांस्कृतिक भूदृश्य. गावाची वेस, बारव, आठवडे बाजार, दर्ग्याच्या अंगणातला पिंपळ, शेताच्या बांधावरची एकटी कबर, हे सगळं या अभ्यासात येतं.

1980 च्या दशकात हा विषय आणखी टोकदार झाला. जागेला अर्थ कोण देतं, कुणाचं नाव पाटीवर लागतं, कुणाला कुठे घर मिळतं आणि कुठे मिळत नाही, असे प्रश्न विचारले जाऊ लागले. ब्रायन हार्ली या अभ्यासकानं नकाशांतल्या मौनाकडे बोट दाखवलं. नकाशात काय दाखवलंय याच्याइतकंच, काय वगळलंय हेही वाचायला शिका, असं त्याचं म्हणणं होतं. आपल्या गावाचा विकास आराखडा समोर ठेवून आपला मोहल्ला त्यात कोणत्या रंगानं रंगवलाय हे एकदा पाहा. हार्लीचा मुद्दा पटायला पुस्तक उघडावं लागणार नाही.

परका विषय नाही

काही पालकांना वाटेल की हे पाश्चात्त्य विद्यापीठांचं खूळ आहे. तसं नाही. इसवी सन 916 च्या सुमारास अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी आपल्या कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला आला होता. अरब त्या बंदराला सैमूर म्हणत. तिथे सुमारे दहा हजार मुस्लिम राहतात, त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले आहेत आणि इथेच जन्मलेलेही आहेत, असं त्यानं लिहून ठेवलं. तिथे शिलाहार राजा झंझ याचा अंमल होता आणि मुस्लिमांच्या आपसातल्या बाबी पाहण्यासाठी राजानं त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता, हीही नोंद त्यानं केली. कोण कुठून आलं, कुठे वसलं, कुणाच्या राज्यात कसं राहिलं, हे पाहणं म्हणजेच सांस्कृतिक भूगोल. मसूदीनं ते लिहिलं म्हणून आज आपण हजार वर्षांपूर्वीच्या कोकणी मुस्लिमांबद्दल खात्रीनं बोलू शकतो. त्यानं नुसतं पाहिलं असतं आणि लिहिलं नसतं, तर?

आधुनिक भारतातही या विषयाशी आपलं नातं जुनं आहे. अलिगढ मुस्लिम विद्यापीठात भूगोल विभाग 1924 पासून आहे, देशातल्या सर्वांत जुन्या विभागांपैकी तो एक. गाझीपूरचे मुनीस रझा, म्हणजे लेखक राही मासूम रझा यांचे थोरले भाऊ, यांनी जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्रादेशिक विकासाच्या अभ्यासाचं केंद्र उभं केलं आणि पुढे ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच केंद्रातले एजाजुद्दीन अहमद यांनी सामाजिक भूगोलावर लिहिलं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या कोणत्याही मुलाला विचारा, माजिद हुसेन यांची भूगोलाची पुस्तकं त्याच्या टेबलावर असतातच. उत्तरेत ही परंपरा रुजली. महाराष्ट्रात ती आपल्या घरांपर्यंत पोचली नाही.

मग महाराष्ट्रातल्या आपल्या जागांबद्दल लिहिलं कुणी? खुलताबादच्या सुफी परंपरेवरचा मोठा अभ्यास अमेरिकेतले कार्ल अर्न्स्ट यांनी केला आणि 1992 मध्ये प्रसिद्ध केला. मुंबईतल्या गिरण्या, गोदी, दर्गे आणि कामगार मुस्लिमांच्या धर्मजीवनावर नाइल ग्रीन यांचं पुस्तक 2011 मध्ये आलं. या अभ्यासकांचे आभारच मानायला हवेत. पण ही पुस्तकं इंग्रजीत आहेत. खुलताबादच्या खादिमाच्या घरातली मराठी माध्यमात शिकणारी मुलगी आपल्याच अंगणाचा इतिहास ज्या भाषेत वाचू शकेल, त्या भाषेत तो लिहिण्याची जबाबदारी अर्न्स्ट यांची नाही.

तुलनेसाठी वारीकडे पाहा. इरावती कर्वे स्वतः पंढरीच्या वाटेनं चालल्या आणि त्यांनी त्या अनुभवावर लिहिलं. 1962 मध्ये तो लेख इंग्रजीतून जगभर गेला. अॅन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातल्या तीर्थयात्रा आणि नद्या यांतून प्रदेशाची कल्पना कशी घडते, यावर 2003 मध्ये पुस्तक लिहिलं. वारी आज अभ्यासाचा विषय आहे, कारण चालणाऱ्यांपैकीच कुणीतरी वही उघडली. आपल्या उरुसांच्या वाटा, संदल मिरवणुकींचे मार्ग, त्यात कोणत्या गावाचा आणि कोणत्या जातीचा मान कुठे, हे सगळं अजून बहुतेक ठिकाणी फक्त तोंडी आहे.

नावं बदलली, आता पुढे?

उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, अहमदनगरचं अहिल्यानगर. जुलै 2025 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचं ईश्वरपूर करण्याची घोषणा झाली. औरंगाबाद आणि उस्मानाबादच्या नामांतराला मे 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं वैध ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यात हस्तक्षेप केला नाही. आपल्यापैकी अनेकांना याचं दुःख आहे आणि ते लपवण्याचं कारण नाही. ज्या गावाचं नाव आडनावासारखं आयुष्यभर वापरलं, ते एका अधिसूचनेनं जातं तेव्हा माणसाला काहीतरी तुटल्यासारखं वाटतंच.

पण आपण या वादात उतरलो तेव्हा आपल्या हातात काय होतं? फलक होते, निवेदनं होती, व्हॉट्सअॅपवरचे संदेश होते. शहराचा अभ्यास फार थोड्यांच्या हातात होता. मलिक अंबरनं 1610 मध्ये खडकी या गावाच्या जागी शहर वसवलं. त्याच्या मुलानं त्याला फतेहनगर म्हटलं. 1653 मध्ये औरंगजेबाच्या सुभेदारीत ते औरंगाबाद झालं. मलिक अंबरनं डोंगरातलं पाणी भुयारी नहरींनी शहरात आणलं आणि त्या नहरींची व्यवस्था पुढे वाढत गेली. पाणचक्की पाहायला आलेला पर्यटक या पाणीव्यवस्थेचं एक टोक तेवढं पाहतो. एका हबशी गुलामानं आपल्या बुद्धीवर वजीरपदापर्यंत पोचून दुष्काळी मुलखात शहराला पाणी दिलं, ही गोष्ट नावाच्या पाटीपेक्षा मोठी आहे.

याच शहराच्या पुऱ्यांची नावं वाचा. बेगमपुरा आहे, तसे जयसिंगपुरा, करणपुरा आणि पदमपुराही आहेत. ही नावं मोगल सैन्यातल्या राजपूत सरदारांची. ज्या शहराला एका बाजूनं फक्त औरंगजेबाचं म्हटलं जातं आणि दुसऱ्या बाजूनंही तसंच म्हटलं जातं, त्याच्या गल्ल्यांनी तीनशेहून अधिक वर्षं राजपूत नावं सांभाळली. हे घोषणेत मावत नाही. ते मावतं सर्वेक्षणात, प्रबंधात आणि नकाशात.

नावाची लढाई अभ्यासानं आणि संघटनेनं कशी लढतात, याचं उदाहरणही याच शहरात आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात 1978 मध्ये झाला. त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, माणसं मारली गेली. नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 रोजी. त्या सोळा वर्षांत आंबेडकरी समाजानं मोर्चे काढलेच, शिवाय कविता लिहिल्या, आत्मकथनं लिहिली, प्रबंध लिहिले. आज त्या लढ्याचा अभ्यास करायचा म्हटलं तर साहित्याची कमतरता नाही. आपल्याकडे मोर्चानंतर मागे काय उरतं?

विद्यापीठात अडतंय कुठे?

कागदावर पाहिलं तर विषयाला जागा आहे. प्राध्यापक होण्यासाठीच्या नेट परीक्षेत भूगोलाच्या दहा घटकांपैकी एक घटक सांस्कृतिक, सामाजिक आणि राजकीय भूगोलाचा आहे. यूपीएससीच्या भूगोल या वैकल्पिक विषयात ‘सांस्कृतिक पार्श्वभूमी’ नावाचा स्वतंत्र भाग आहे आणि त्यात धार्मिक अल्पसंख्याक हा मुद्दा नाव घेऊन लिहिलेला आहे. म्हणजे आपल्याबद्दल प्रश्न विचारले जातात. उत्तरं मात्र बहुतेक वेळा दुसऱ्यांनी लिहिलेल्या नोट्समधून येतात.

प्रत्यक्ष वर्गात अडचणी तीन आहेत. पहिली, विभागांचा सगळा ओढा उपग्रह प्रतिमा आणि जीआयएसकडे आहे. त्यात नोकरी आहे, प्रकल्पांना निधी आहे, म्हणून विद्यार्थी तिकडे जातात आणि ते चुकीचं नाही. पण उपग्रहाला कब्रस्तान म्हणजे झाडं असलेलं मोकळं मैदान दिसतं. ते कुणाचं, केव्हापासून, त्याला वाट कुठून, हे जमिनीवर उतरून माणसांशी बोलल्याशिवाय कळत नाही. जीआयएस येणारा आणि मोहल्ल्यात बसून ऐकून घेणारा, असा एकच माणूस तयार व्हायला हवा.

दुसरी अडचण पैशाची. अल्पसंख्याक समाजातल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मिळणारी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्रानं 2022 मध्ये बंद केली. इतर योजनांशी ती दुहेरी होते, असं कारण दिलं गेलं. सांस्कृतिक भूगोलाचं संशोधन म्हणजे फिरणं, राहणं, दफ्तरं धुंडाळणं. ज्याच्या घरी महिन्याचा पगार थांबला तर चूल थांबते, त्या मुलाला हे स्वतःच्या खिशातून कसं परवडणार? राज्य मंत्रिमंडळानं 2024 मध्ये ‘बार्टी’ आणि ‘सारथी’च्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी संशोधन व प्रशिक्षण संस्था मंजूर केली आहे. तिच्याकडे स्पर्धा परीक्षेच्या शिकवणीबरोबर संशोधनाची फेलोशिप मागणं, हे आपल्या आमदारांचं आणि संघटनांचं काम आहे.

तिसरी अडचण आपलीच. उच्च शिक्षणाच्या 2021-22 च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात देशातल्या सुमारे 4.33 कोटी विद्यार्थ्यांत मुस्लिम विद्यार्थी सुमारे 21 लाख होते, म्हणजे पाच टक्क्यांच्याही आत. 2011 च्या जनगणनेत आपली लोकसंख्या चौदा टक्क्यांच्या वर होती. आधीच थोडी मुलं पोचतात आणि त्यांतही घरात चर्चा दोनच : मेडिकल की इंजिनियरिंग. जमलं नाही तर फार्मसी. “बीए भूगोल करून काय करणार?” हा प्रश्न विचारणाऱ्या अब्बूंना दोष देता येत नाही. पण नगररचना कार्यालयं, भूमी अभिलेख, महाविद्यालयं, सर्वेक्षण संस्था, जीआयएस कंपन्या, स्पर्धा परीक्षा, इतके रस्ते या पदवीतून निघतात, हे त्यांना कुणी सांगितलेलंही नसतं.

अभ्यासक्रम ठरतात तेव्हाही आपण गैरहजर असतो. ऑगस्ट 2025 मध्ये यूजीसीनं नऊ विषयांच्या पदवी अभ्यासक्रमांचे मसुदे सूचनांसाठी जाहीर केले. त्यांत भूगोल होता. भारतीय ज्ञान परंपरेवर त्यांत भर आहे. मलिक अंबरची पाणीव्यवस्था हे भारतीय ज्ञान नाही, असं कोण म्हणेल? पण ते कुणीतरी लेखी, पुराव्यासह आणि मुदतीत कळवावं लागतं. वर्तमानपत्रात बातमी आल्यावर नाराज होऊन भागत नाही.

दार उघडं आहे

राज्य सरकारच्या एप्रिल 2023 च्या शासन निर्णयानुसार नव्या शैक्षणिक धोरणाच्या पदवीत क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग प्रकल्प यांना श्रेयांक आहेत. म्हणजे प्रत्येक मुलाला गावात, वस्तीत जाऊन काहीतरी काम करावंच लागतं. बहुतेक मुलं कुठून तरी उतरवून वीस पानं जमा करतात. त्याऐवजी आपल्या मोहल्ल्याचा किंवा गावच्या कब्रस्तानाचा प्रकल्प केला तर? मार्क मिळतील आणि जमातीच्या दफ्तरात एक उपयोगी कागदही येईल.

काम फार अवघड नाही. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा आणि मोजणीची नक्कल काढायची. जुन्या जिल्हा गॅझेटियरमधली आपल्या गावाची नोंद पाहायची. कबरींवरच्या शिलालेखांचे फोटो घेऊन फारसी-उर्दू जाणणाऱ्या मौलानांकडून वाचून घ्यायचे. चार बुजुर्गांशी, त्यांची परवानगी घेऊन, बोलणं रेकॉर्ड करायचं. मोबाइलच्या जीपीएसवर कोपरे नोंदवायचे. आणि सगळं साध्या मराठीत लिहायचं.

यात आपल्या आया-बहिणींना विसरू नका. पुरुष सांगतात तो नकाशा मस्जिद, बाजार आणि बस स्टँडचा असतो. बायकांचा नकाशा निराळा असतो. कुठल्या नळाला पाणी येतं, कुठल्या गल्लीतून कॉलेजला जाणं सुरक्षित आहे, शिलाईचं काम कुठून मिळतं, दर्ग्यात कुठपर्यंत जाता येतं. हा नकाशा मुलीच काढू शकतात, कारण ती दारं मुलींनाच उघडतात.

विषयही कमी नाहीत. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतून हे कारागीर कसे घडले, भोपळा कुठून येतो, लाकूड कुठून येतं, पुढची पिढी पेठेत का थांबत नाही, हा सगळा सांस्कृतिक भूगोल आहे. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतून उठून मुंब्र्यात वसलेल्या कुटुंबांचा अभ्यास आहे. कोकणातल्या ज्या गावांतून माणसं केपटाऊनला गेली आणि तिथे आजही कोकणी म्हणून ओळखली जातात, त्या गावांचा आहे. मालेगावच्या यंत्रमागांचा आहे.

एक इशारा मात्र द्यायला हवा. हे काम दाव्यात जिंकण्यासाठी करायचं नाही. निकाल आधी ठरवून केलेलं सर्वेक्षण कोर्टातही टिकत नाही आणि विद्यापीठातही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांसारखे संत, दोन्ही समाज जिथे डोकं टेकवतात अशा जागा, कब्रस्तानाच्या कडेला असलेला म्हसोबा, आपल्याच लोकांनी केलेली अतिक्रमणं, हे सगळं जसं आहे तसं लिहावं लागेल. खोटी साक्ष देऊ नका, हे आपल्याला कुणी नव्यानं शिकवायला नको. आणि सामायिक जागांचा प्रामाणिक अभ्यास हाती असेल, तर उद्या कुणी तिथे भांडण लावायला आलं तेव्हा दोन्हीकडच्या समंजस माणसांना बोलायला आधार राहील.

जमातींनी एवढं करावं : दरवर्षी तालुक्यातल्या दोन मुलामुलींचा भूगोलाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च उचलावा. मस्जिदीच्या कपाटात एक फाइल ठेवावी आणि मुलांनी केलेला प्रत्येक प्रकल्प त्यात लावावा. 2027 च्या जनगणनेची घरयादी तोंडावर आली आहे. मोहल्ल्यातली घरं, गल्ल्या आणि जुनी नावं नीट ठाऊक असलेली मुलं त्या वेळीही उपयोगी पडतील.

ज्या चाचांनी आम्हाला चतुःसीमा सांगितल्या, ते या हिवाळ्यात अल्लाहला प्यारे झाले. त्याच कब्रस्तानात, ओढ्याच्या बाजूला, त्यांना दफन केलं. त्यांचं बोलणं आमच्यातल्या एकानं फोनवर रेकॉर्ड केलं होतं, अठरा मिनिटांचं. तेवढंच आमच्याकडे आहे. तुमच्या गावात असे चाचा, अशी एखादी दादी अजून असतील, तर या रविवारी कॉलेजातल्या मुलाला सोबत घेऊन त्यांच्याकडे जा. आणि जूनमध्ये प्रवेशाचा फॉर्म भरताना भूगोलाच्या रकान्यावर एकदा थांबा.